टपालहशील निराळे: गिरगावातील पुस्तकांच्या वेष्टनाचा इतिहास

मराठी पुस्तकांच्या जुन्या जाहिरातींत किमतीच्या आकड्यापाठोपाठ ‘टपालहशील निराळे’ किंवा नुसते ‘ट. ख. निराळा’ असे शब्द हमखास आढळतात. टपालहशील म्हणजे पुस्तक गिऱ्हाइकाच्या गावी पोचवण्यासाठी डाकखात्याला द्यावा लागणारा आकार, आणि तो गिऱ्हाइकाने सोसायचा हे या शब्दांनी आधीच ठरून जात असे. पुस्तक ज्यात गुंडाळून, बांधून किंवा शिवून पाठवले जाई त्या कागद, कापड आणि सुतळीचा खर्च मात्र जाहिरातीत कोठेच येत नाही. तो विक्रेत्याच्या पदरचा असल्यामुळे शक्य तितका शून्याजवळ ठेवण्याची धडपड गिरगावच्या पुस्तकव्यवसायात पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली आणि ती साधली ती मुख्यतः शेजारामुळे. एका बाजूला छापखाने व बांधणीचे कारखाने, दुसऱ्या बाजूला परळ-लालबागच्या कापडगिरण्या, अशा दोन धंद्यांच्या उरल्यासुरल्या मालावर मराठी पुस्तकाचे वेष्टन पोसले गेले.

ग्रंथ कापडात बांधण्याची रीत छापील पुस्तकाहून कितीतरी जुनी आहे. पोथीची पाने सुटी असत, ती वर-खाली लाकडी फळ्या ठेवून कापडात घट्ट गुंडाळली जात, आणि कागदपत्रांच्या अशाच गाठोड्याला ‘रुमाल’ हे नाव होते. पेशवे दफ्तरातील कागद आजही रुमालांच्या हिशेबाने मोजले जातात. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग छापले आणि पुढे जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला, तेव्हा मुंबईत छापील ग्रंथ मोठ्या संख्येने निघू लागले, परंतु पोथ्या सुट्या पानांच्याच छापल्या जात राहिल्याने कापडी वेष्टनाची सवय मोडली नाही. बदलली ती वेष्टनाची कामगिरी. रुमाल ग्रंथाचे घरातल्या घरात धूळ-किडीपासून रक्षण करी. नव्या वेष्टनाला तोच ग्रंथ डाकेच्या थैल्यांतून शेकडो मैल धडपणे न्यायचा होता.

हा प्रवास स्वस्त झाला तो १८५४ च्या टपाल कायद्यामुळे. त्याआधी टपालाचा आकार अंतरानुसार वाढत असे आणि जड वस्तू ‘बंगी’ने, म्हणजे कावडीवरून पार्सले वाहणाऱ्या डाकेने जात. नव्या व्यवस्थेत पत्रांच्या दरातून अंतर गळाले आणि वजन उरले, ही गोष्ट वेष्टनाच्या इतिहासात फार महत्त्वाची आहे, कारण तेव्हापासून टपालाने जाणाऱ्या जिनसेचा प्रत्येक तोळा मोजला जाऊ लागला आणि त्यात वेष्टनाचाही तोळा आला. तोळा म्हणजे सुमारे पावणेबारा ग्रॅम. पुस्तकाभोवतीचा जाड पुठ्ठा एवढे वजन सहज वाढवतो. ज्या वेष्टनाने पुस्तक उत्तम राखले जाई तेच आकार वाढवी, आणि जे हलके असे ते पुस्तकाचे कोपरे वाचवू शकत नसे. या पेचातून विक्रेत्याची पुढे कधीच सुटका झाली नाही.

१८७७ मध्ये ‘व्हॅल्यू पेएबल’ पद्धत आली, जिला मराठीत सगळे ‘व्ही. पी.’ म्हणतात. पुस्तक आधी पाठवायचे, टपालवाल्याने ते दारात देताना किंमत वसूल करायची आणि ती रक्कम विक्रेत्याकडे पोचती करायची, अशी ही सोय. पुस्तकाचे दुकान नसलेल्या खेड्यातल्या शिक्षकाला, कारकुनाला, कीर्तनकाराला एका पत्रात मागणी लिहून मुंबईचे पुस्तक मागवता येऊ लागले. १८७९ मध्ये आलेल्या पाव आण्याच्या पोस्टकार्डाने तर ही मागणी आणखी स्वस्त केली. व्ही. पी.ला दुसरी बाजूही होती. गिऱ्हाईक घरी नसले, त्याच्याजवळ त्या दिवशी पैसे नसले किंवा त्याचे मन बदलले, तर पुस्तक आले तसे परत जाई आणि जाण्याचा भुर्दंड विक्रेत्यावर बसे. ‘व्ही. पी. परत आली’ या शब्दांत पुस्तकविक्रेत्याची केवढी तरी काळजी साठलेली आहे. म्हणून व्ही. पी.चे पुडके एका फेरीच्या हिशेबाने बांधणे परवडत नसे; ते दोन फेऱ्या टिकले पाहिजे आणि परत आलेले पुस्तक पुन्हा नवे म्हणून विकता आले पाहिजे, असा हिशेब धरावा लागे.

बुकपोस्टाचा नियम याच्या उलट दिशेने ओढत असे. छापील मजकूर सवलतीच्या दराने जाई तो या अटीवर, की आत खासगी पत्र नसावे आणि डाकखात्याच्या माणसाला वेष्टन न फाडता आतला माल तपासता यावा. त्यामुळे बुकपोस्टाचे पुडके पूर्ण बंद करता येत नसे. दोन्ही टोके उघडी ठेवून मध्ये कागदाची रुंद पट्टी गुंडाळावी लागे, आणि सर्वांत आधी ठेचतात ते पुस्तकाचे कोपरे नेमके बाहेर राहत. यावर जो तोडगा रूढ झाला तो साधा आणि फार हुशारीचा आहे. पुस्तकाच्या वर व खाली पुठ्ठ्याचा एकेक तुकडा ठेवायचा, पण तो पुस्तकाबरोबर न कापता चारी बाजूंनी बोटभर मोठा कापायचा, म्हणजे थैली आपटली तर धक्का पुठ्ठ्याच्या कडेला बसतो आणि आतला कोपरा वाचतो. मग सुतळी उभी-आडवी फिरवून ओढ द्यायची. ती थेट पुस्तकावर पडली तर पानांच्या कडेवर खाच पडते, म्हणून पुठ्ठ्यावरूनच न्यायची, आणि शेवटी सरकगाठ मारायची, जी तपासणाऱ्याला सोडता येईल आणि पुन्हा आवळताही येईल. ज्यांनी हे काम वर्षानुवर्षे केले त्यांची नावे कोणत्याही पुस्तकाच्या पहिल्या पानावर नाहीत, पण मराठी वाचकाच्या हाती पुस्तक धड पोचले ते त्यांच्या हातांनी.

हा पुठ्ठा बहुधा विकत आणावा लागत नसे. बांधणीच्या कारखान्यात कापून उरलेले तुकडे पडलेले असत. छापखान्यात शाई कमी-जास्त लागलेले किंवा एकाच बाजूने छापून बिघडलेले फर्मे, म्हणजे आठ किंवा सोळा पृष्ठे एकत्र छापलेले मोठे ताव, रद्दीत जात आणि आतल्या वेष्टनाला ते उत्तम चालत. चिकटवण्यासाठी खळही बांधणीवाल्याचीच असे: गव्हाचे पीठ किंवा मैदा पाण्यात शिजवायचा आणि कीड लागू नये म्हणून त्यात थोडा मोरचूद घालायचा. बाहेरचा कागद मात्र चिवट हवा. लाकडाच्या लगद्यापासून विशिष्ट रासायनिक प्रक्रियेने होणारा, आपण ज्याला खाकी कागद म्हणतो तो क्राफ्ट कागद या कामी आला. जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थच बळ असा आहे.

पार्सलांसाठी कापड हवे आणि ते पुरवले गिरणगावाने. ताडदेवला कावसजी दावर यांची गिरणी १८५६ मध्ये चालू झाली आणि पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी हा सारा भाग धुराड्यांनी भरला. कोरा, न धुतलेला, जाडाभरडा मांजरपाट हे या गिरण्यांचे रोजचे उत्पादन, आणि पार्सलासाठी त्याहून चांगले कापड नाही, कारण ते स्वस्त असते, शिवणीला फाटत नाही आणि त्यावर शाईने लिहिलेला पत्ता पसरत नाही. कापड पुडक्यावर ताणून दाभणाने शिवायचे, शिवणीवर लाख ओतून शिक्का मारायचा. शिवण मध्ये कोणी उसवली तर लाख तुटते आणि चोरी उघडी पडते. मोठ्या गठ्ठ्यांना तागाचे गोणपाट लागे, तेही गिरण्यांच्या आणि धान्याच्या व्यवहारातून एकदा वापरलेले मिळे.

पावसाळा हे मुंबईच्या वेष्टनाचे खरे परीक्षास्थान. जून ते सप्टेंबर या काळात कापड भिजते, खळ सुटते, खाकी कागद मऊ पडतो. म्हणून आत मेणकागद किंवा डांबरी कागद, म्हणजे दोन कागदांमध्ये डांबराचा थर दिलेला कागद, घालण्याची पद्धत पडली. डांबराचा डाग मुखपृष्ठाला लागू नये म्हणून त्याच्या आत रद्दीचा आणखी एक पदर येई आणि वजन पुन्हा वाढे. मराठी प्रकाशनाचा मोठा हंगाम दिवाळीच्या आसपास भरतो, याची कारणे सांस्कृतिक आहेत यात शंका नाही. का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला आणि तेथून ती परंपरा रुजली. तरीही अंकांचे गठ्ठे कोरड्या दिवसांत रवाना होत, ही सोय वेष्टन बांधणाऱ्याच्या दृष्टीने लहान नव्हती.

विसाव्या शतकात गिरगाव हे मराठी ग्रंथव्यवहाराचे केंद्र झाले. केशव भिकाजी ढवळे यांची संस्था, परचुरे प्रकाशन मंदिर, खटाववाडीतील मौज, लॅमिंग्टन रस्त्यावर १९२४ मध्ये निघालेला पॉप्युलर बुक डेपो, १९४२ मध्ये मॅजेस्टिक चित्रपटगृहालगत केशवराव कोठावळे यांनी मांडलेला पुस्तकांचा स्टॉल, ही सारी एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. किरकोळ मागण्या गिरगाव टपाल कार्यालयातून जात, मोठे गठ्ठे रेल्वेने, कोकणात आगबोटीने, आणि १९४८ नंतर एस. टी.च्या टपावरून. दुसऱ्या महायुद्धात कागदावर नियंत्रण आले तेव्हा छापण्यालाच कागद पुरेना, तेथे गुंडाळायला कोठून येणार; त्या काळात एकदा वापरलेला खाकी कागद उलटा करून पुन्हा वापरणे ही काटकसर नसून गरज होती.

ग्रंथालयांची गोष्ट वेगळी होती. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापलेल्या सोशल सर्व्हिस लीगने मुंबईत आणि सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानाने गावोगावी फिरती वाचनालये चालवली. पेटीत भरून गेलेले पुस्तक पेटीतच परत येई, म्हणून तेथे मजबूत लाकडी पेटीवर एकदा खर्च करणे शहाणपणाचे होते. विकलेल्या पुस्तकाचे वेष्टन परत येत नाही, ते गिऱ्हाइकाच्या घरी सुटते आणि संपते. पुस्तकविक्रेत्याला फुकटच्या मालामागे लागावे लागले ते यामुळे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत एकेक गिरणी बंद पडत गेली. खिळ्यांचे छापखानेही गिरगावातून उठले. दारातला पुठ्ठा, रद्दी आणि मांजरपाट एकाच पिढीत दुर्मिळ झाले आणि वेष्टन ही प्रथमच बाजारातून विकत घ्यायची वस्तू ठरली: पन्हळी पुठ्ठ्याचे तीन पदरी खोके, चिकटपट्टी, हवेचे फुगे असलेले प्लास्टिक. पुनर्वापराची जुनी बुद्धी मात्र माहीमला लागून असलेल्या धारावीत जिवंत राहिली, जेथे वापरलेली खोकी उलगडून, छापील बाजू आत घालून, पुन्हा जोडून विकली जातात.

डिसेंबर २०२४ मध्ये डाकखात्याने नोंदणीकृत बुकपोस्ट बंद केले आणि लहान प्रकाशकांचा स्वस्त मार्ग एकाएकी तुटला. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू झाली असून तीत ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये असा मूळ दर आहे. २७० ग्रॅमचे पुस्तक पाठवणाऱ्या दादरच्या प्रकाशकाला वेष्टनासाठी ३० ग्रॅम उरतात. त्यात खाकी कागद आणि पट्टी बसते, वर-खाली बोटभर मोठा पुठ्ठा घातला की काटा पुढच्या टप्प्यात जातो.