आकारिक म्हणजे आकडे नव्हेत

शिक्षक होऊ घातलेल्या माणसाला खडू-फळ्याची ओढ असते, गोष्ट रंगवून सांगण्याची असते, मूल्यमापनाची क्वचितच. श्रेणी, तक्ते, नोंदवह्या ही कारकुनी, अशी समजूत घेऊनच बहुतेक जण अध्यापक विद्यालयातून बाहेर पडतात. तुमचीही तशी समजूत असेल, तर पुढची पाने तुमच्यासाठीच आहेत. मूल काय शिकले हे हुडकून काढणे हाच या पेशातला सर्वांत रंजक भाग, असे माझे मत आहे. आणि ते ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या वर्गांत बसून झाले आहे.

भातसा-तानसाचे पाणी आणि माळशेजचा पाऊस यांमुळे हे तालुके मुंबईकरांना ठाऊक असतात. इथला वर्ग मात्र आत बसल्याशिवाय कळत नाही. ठाकूर आणि कातकरी मुलांची घरची बोली वेगळी, पुस्तकाची मराठी वेगळी. त्यामुळे प्रश्न कळला नाही की उत्तर येत नाही, हे लेखी पेपरावरून सांगणे कठीण. दिवाळीनंतर काही कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. दुसऱ्या सत्राच्या तक्त्यात त्यांच्या मुलांचे रकाने कोरे दिसतात. कोरा रकाना म्हणजे कोरे मूल नव्हे, एवढे तरी वाचकांनी आरंभीच मनाशी धरावे.

या भागाला आपला वारसा आहे, आणि त्याचा थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही. कोसबाड आज पालघर जिल्ह्यात असले, तरी २०१४ पर्यंत ते ठाण्यातच होते. तिथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. मूल आहे तिथून सुरुवात करायची, हे त्यांनी कृतीने दाखवले. मूल्यमापनाचे कामही तिथूनच सुरू होते.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच वर्षी २० ऑगस्टच्या शासननिर्णयाने महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्याचे भाग दोन: शिकणे चालू असताना करायचे ते आकारिक, सत्राअखेरीस करायचे ते संकलित. ‘आकारिक’ हा शब्द ऐकून नवख्याला आकडेच आठवतात. पण त्याचे नाते आकाराशी आहे, आकड्यांशी नाही. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक अशी त्याची साधने. कल्पना उत्तम होती. पुढे बाजारात वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका आल्या आणि ‘वाचन चांगले करतो’ हे वाक्य वर्गातल्या निम्म्या मुलांच्या नावापुढे उतरू लागले. त्या पुस्तिकांकडे शक्यतो वळू नका.

त्याऐवजी एक वही उघडा. ५२ वजा २७ चे उत्तर मुलाने ३५ लिहिले आहे. फुली मारून पुढे जाता येईल. पण थांबून ६१ वजा २४ घालून पाहा. उत्तर ४३ आले, तर मूल निष्काळजी नाही. ते प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढते आहे. त्याने स्वतःचा नियम बनवला आहे आणि तो इमानाने पाळतेही आहे. आता त्याच्यापुढे ५२ चिंचोके ठेवा, दहा-दहांचे पाच ढीग आणि दोन सुटे, आणि त्यातले २७ मागा. सात सुटे द्यायला एक ढीग फोडावा लागतो, हे हातांना कळते. उरलेले २५ ते मोजूनच सांगते. हातचा इथे भेटतो. ही पाच मिनिटे म्हणजे आकारिक मूल्यमापन, आणि शिकवणेही तेच.

वाचकांनी प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. तोंडी कामापासून सुरुवात केलीत तरी चालेल. बोली आणि पुस्तकाची भाषा यांतले अंतर तिथे चटकन दिसते. व्याख्या मागाहून आल्या तरी बिघडत नाही. मात्र वाचताना तुमच्या सराव-वर्गातील एका मुलाची गणिताची वही शेजारी असू द्या, आणि त्यातली फुली मारलेली गणिते आधी पाहा.