‘डंप’ म्हणजे नेमकं काय? डंपरपासून डेटाबेसपर्यंत

नोकरीच्या पहिल्या वर्षी सीनियरने सांगितलं, “सर्व्हर बदलायच्या आधी डेटाबेसचा डंप घे.” मी कीबोर्डवरचे हात काढून घेतले. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला डंप म्हटलं की मुरुमाचा डंपर दिसतो, नाहीतर कसबा बावड्याच्या झूम प्रकल्पावरचा कचऱ्याचा ढीग. म्हणजे डेटा टाकून द्यायचा?

इंग्रजीत या क्रियापदाचा मूळ भाव तोच आहे: फारशी पर्वा न करता एकदम ओतून मोकळं होणं. प्रेमात कुणी ‘डंप’ केलं म्हणजे डच्चू दिला. स्वतःच्या देशातल्या भावापेक्षा स्वस्तात परदेशात माल विकणं म्हणजे डंपिंग. त्यावर सरकार अँटी-डंपिंग ड्युटी लावतं. इन्स्टाग्रामवरचा ‘फोटो डंप’ म्हणजे न निवडता टाकलेले फोटो (न निवडता म्हणे!).

कॉम्प्युटरमध्ये मात्र गंमत वेगळी. डंपर पलटी केला की रिकामा होतो, पण इथे मूळ माल जागेवरच राहतो आणि त्याची कॉपी बाहेर पडते. प्रोग्रॅम क्रॅश झाला की त्या क्षणी मेमरीत जे होतं ते फाइलमध्ये ओतलं जातं, तो ‘कोर डंप’. यातला ‘कोर’ म्हणजे जुन्या मशीनमधल्या मेमरीच्या बारीक चुंबकीय कड्या. त्या कधीच गेल्या, नाव राहिलं.

‘मायएसक्यूएलडंप’ ही कमांडही कॉपीच काढते. धोका ती परत भरताना असतो. त्या फाइलमध्ये प्रत्येक टेबलाआधी ‘ड्रॉप टेबल’ ही ओळ आपोआप येते. चुकीच्या डेटाबेसवर फाइल चालवलीत, तर तिथली त्याच नावाची टेबलं आधी उडतात. मी टेस्टच्या डेटाबेसवर हे करून बसलोय. लाइव्ह असतं तर नोकरी गेली असती.

तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही डंप आहे. डेव्हलपर ऑप्शन्समधला ‘बग रिपोर्ट’ हा बराचसा असाच ओतलेला ढीग असतो. त्यात कुठली अॅप वापरता, कुठे होता, अशा खुणा असू शकतात. टेलिग्राम ग्रुपवर कुणी “रिपोर्ट पाठव, फोन फिक्स करून देतो” म्हटलं, तर पाठवू नका.

आमच्या ऑफिसात ‘डंप घे’ म्हणजे कॉपी काढ. कुणी ‘डंप कर’ म्हणालं, तर मी आजही आधी विचारतो: कॉपी हवीय, की उडवायचंय?