विहिरींनी राखलेला बाजार

अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीच्या वायव्य पायथ्याशी अगोरा, म्हणजे प्राचीन शहराचा भरचौक होता. मासळी आणि मातीची भांडी इथेच विकली जात. खटले इथेच चालत आणि पाचशे जणांचे मंडळही इथेच बसे. इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियन फौजेने शहर जाळले, इ.स. २६७ मध्ये हेरुली टोळ्यांनी ते पुन्हा उद्ध्वस्त केले. पुढच्या शतकांत या अवशेषांवर दाट वस्ती उभी राहिली. १८९०-९१ च्या सुमारास पिरेअसहून येणारी रेल्वे वाढवताना अगोराचा उत्तर भाग रुळांसाठी कापला गेला.

पद्धतशीर उत्खनन १९३१ मध्ये सुरू झाले. काम अमेरिकन स्कूल ऑफ क्लासिकल स्टडीज या संस्थेचे, प्रमुख लेस्ली शिअर आणि पैसा मुख्यतः धाकट्या जॉन रॉकफेलरचा. १९२२ नंतर आशिया मायनरमधून आलेल्या निर्वासितांमुळे अथेन्समध्ये आधीच जागेची टंचाई होती. तरीही व्रिसाकी ही अख्खी वस्ती पाडण्यात आली. उत्खननाची ही किंमत तिथल्या शेकडो कुटुंबांनी मोजली. अगोराचे कौतुक करताना ती विसरणे अन्यायाचे ठरेल.

इमारतींचे बहुतेक पायेच उरले होते. खरा खजिना निघाला तो जुन्या विहिरींतून. पाणी आटले की विहिरीत केरकचरा टाकला जाई, आणि हा कचराच सर्वांत बोलका ठरला. त्यात हद्दपारीच्या मतदानातली खापरे होती. थेमिस्टोक्लिससारख्या पुढाऱ्यांची नावे त्यांवर टोकदार वस्तूने कोरलेली आहेत. एका विहिरीत मातीचे जलघड्याळ सापडले. बुडाशी बारीक नळी असलेल्या या भांड्यातले पाणी साधारण सहा मिनिटांत गळून जाई, आणि अशा भांड्याने वक्त्याचा वेळ मोजला जाई. चौकाच्या सीमाशिलेजवळच्या एका घरात चपलांचे खिळे आणि हाडाच्या कड्या मिळाल्या, शिवाय ‘सायमनचा’ असे कोरलेला पेल्याचा तळ. सॉक्रेटिसच्या मित्रमंडळीत सायमन नावाचा चर्मकार होता, असे प्राचीन ग्रंथ सांगतात. तो हाच असावा, असा तर्क मोहक आहे, पण तर्कच.

दुसऱ्या महायुद्धानंतर होमर थॉम्पसन यांनी काम पुढे नेले. पर्गमॉनचा राजा दुसरा अटलस याने बांधून दिलेली दुमजली स्तंभशाला १९५६ पर्यंत नव्याने उभारून तिथे संग्रहालय करण्यात आले.

१९७० मध्ये रुळांच्या कडेला राजस्तंभशाला सापडली. त्याच वर्षी मिळालेल्या एका शिलालेखात इ.स.पू. ३७५ च्या सुमाराचा नाण्यांविषयीचा कायदा आहे. नाणी तपासणारा पारखी सरकारी गुलाम असे आणि सराफांच्या मेजांजवळ बसे. नाणे आतून तांब्याचे किंवा शिशाचे निघाले, तर ते तिथल्या तिथे कापून टाकायचे. त्याने खरे ठरवलेले नाणे नाकारणाऱ्या विक्रेत्याचा त्या दिवसाचा माल जप्त होई. बाजाराचा रोजचा व्यवहार इतक्या जवळून दाखवणारे लेख फार थोडे. रुळांपलीकडे खोदकाम चालूच राहिले आणि १९८१ मध्ये चित्रस्तंभशालेचा पाया उघडा पडला. स्टोइक तत्त्वज्ञांचा पंथ याच शालेवरून ओळखला जाऊ लागला.