उजवा काठ, दक्षिणेची खिडकी

१८७० साली हिवाळ्याच्या तोंडावर फ्लॉरेन्समध्ये चार दिवस उतरायचे असेल आणि खिशात पैसा असेल, तर कोणते हॉटेल निवडावे याचे उत्तर छापील स्वरूपात तयार होते. लाल बांधणीचे, कोटाच्या खिशात मावेल असे एक पुस्तक ते देत असे. कार्ल बेडेकर या जर्मन प्रकाशकाच्या नावाने निघणाऱ्या मार्गदर्शक-मालेतला उत्तर इटलीचा खंड १८६८ मध्ये इंग्रजीत आला होता आणि त्यात फ्लॉरेन्सचा समावेश होता. (या बेडेकरांचा आपल्या लोणच्याच्या किंवा साहित्यातल्या बेडेकरांशी काही संबंध नाही, उच्चार मात्र जवळजवळ तोच. मराठी वाचकाने इतके गमतीचे मानून घ्यावे.) त्याच्याही आधी मारियाना स्टार्क नावाच्या इंग्रज लेखिकेने आपल्या प्रवासपुस्तकांत चांगल्या चित्रांपुढे एक, दोन, तीन अशी उद्गारचिन्हे टाकण्याची युक्ती काढली होती. बेडेकराने उद्गारचिन्हाचा तारा केला. आज आपण ‘पंचतारांकित’ म्हणतो त्या शब्दाचे कुळ शोधत गेलो तर या लाल पुस्तकांच्या घरापर्यंत पोचतो.

इटलीत हिवाळ्यात उतरणाऱ्यांना ही पुस्तके एक गोष्ट बजावून सांगत: खोली दक्षिणेकडे तोंड असलेली घ्या. जाड दगडी भिंती, फरशीची जमीन आणि बेताची शेगडी, अशा घरात सूर्य हाच खरा उबारा. इटालियन म्हणच आहे की जिथे ऊन शिरत नाही तिथे वैद्य शिरतो. त्यामुळे फ्लॉरेन्समध्ये मोलाची हॉटेले आर्नो नदीच्या उजव्या, म्हणजे उत्तर काठावर ओळीने उभी राहिली. पुढे नदी, नदीवर दुपारचे ऊन, आणि खिडक्या दक्षिणेला. ओन्यिस्सांती चौक, ज्याला त्या काळी मानिन चौक म्हणत, तो याच काठावर नदीकडे उघडणारा आहे. तिथल्या ‘होटेल द ला पे’मध्ये ३० नोव्हेंबर १८७० रोजी कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज वारले. वय वीस.

कोल्हापुरात राजाराम म्हटले की ‘कुठले राजाराम?’ हा प्रश्न येतोच. पहिले शिवछत्रपतींचे पुत्र. शेवटचे शाहू महाराजांचे पुत्र, ज्यांची कारकीर्द १९२२ ते १९४० अशी. हे मधले. जन्म १३ एप्रिल १८५० चा, पाटणकरांच्या घरातला; मूळ नाव नागोजीराव. १८६६ मध्ये दत्तक होऊन गादीवर आले आणि चार वर्षांत संपले. राजाराम कॉलेजला त्यांचे नाव आहे एवढे शहराला ठाऊक असते. मी इतिहासाचा पदवीधर नाही. बी.कॉम. करून पतपेढीत हिशेब लिहिणारा माणूस. जुने नकाशे आणि जुनी प्रवासवर्णने गोळा करण्याच्या नादातून या राजाकडे वळलो. हल्ली ओळखीतले लोक युरोपची सहल ठरली की मला विचारतात, ‘तीन रात्री फ्लॉरेन्सला आहोत, एकदाच जायचंय, खर्चाचं बघू नका, हॉटेल कुठलं घ्यावं?’ हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे मी देत असलेले, जरा लांबलेले उत्तर आहे.

महाराज मे १८७० मध्ये मुंबईहून निघाले. सोबत कोल्हापूरच्या पोलिटिकल एजंटच्या कचेरीतला कॅप्टन एडवर्ड वेस्ट. इंग्लंडात राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, कारखाने-संस्था पाहून झाल्या. महाराज इंग्रजीत रोजनिशी लिहीत. ती वेस्टने संपादून १८७२ मध्ये लंडनला छापली. परतताना खरे तर पॅरिस हा कोणत्याही श्रीमंत प्रवाशाचा पहिला मुक्काम असायचा. पण त्या जुलैत फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटले आणि सप्टेंबरपासून पॅरिसला वेढा पडला. तिथल्या भव्य ‘ग्राँ होटेल’मध्ये जखमी सैनिकांच्या खाटा लागल्या. म्हणून वाट जर्मनी-ऑस्ट्रियातून. इन्सब्रुकला प्रकृती बिघडली. तिथून इटलीत उतरायला ब्रेनर घाटातली रेल्वे तीनच वर्षांपूर्वी, १८६७ मध्ये, सुरू झाली होती. नाहीतर आजारी माणसाला ऐन थंडीत आल्प्स ओलांडणे घोडागाडीतून करावे लागले असते. युरोपात लढाई चालू असताना ज्या हॉटेलात ते येऊन टेकले त्याच्या नावाचा अर्थ ‘शांतता’ होता, हा केवळ योगायोग. पण माझ्या नजरेतून तो सुटत नाही.

फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होते. १८६५ ते १८७१ एवढाच तो काळ. जुन्या तटबंद्या पाडून रुंद रस्ते काढले जात होते, मंत्री, वकील, कंत्राटदार यांची वर्दळ होती आणि उंची हॉटेलांना बरकत होती. सप्टेंबरात रोम हाती आल्यामुळे राजधानी हलणार हे नोव्हेंबरपर्यंत सगळ्यांना कळून चुकले होते. (ती हलल्यावर शहराच्या तिजोरीचे जे दिवाळे निघाले ती वेगळीच कहाणी.) म्हणजे महाराज उतरले ते निरोपाच्या तयारीत असलेल्या राजधानीत. त्याचा एक परिणाम पुढे महत्त्वाचा ठरला: ब्रिटिश वकिलात गावातच होती.

आता अशा हॉटेलात पैशाच्या बदल्यात मिळत काय असे? स्टेशनवर हॉटेलची स्वतःची घोडागाडी. चार भाषा बोलणारा दारावरचा माणूस. संध्याकाळी ठरल्या वेळेला एकाच लांब मेजावर सर्व पाहुण्यांची पंगत. मेणबत्त्यांचे पैसे बिलात वेगळे लागत, नोकरांच्या सेवेचे वेगळे. यावरून प्रवासी आणि मालक यांची रोज हुज्जत चाले आणि मार्गदर्शक-पुस्तके त्यावर आवर्जून लिहीत. खोलीचा दर मजल्यावर ठरे. पाळणा अजून दुर्मिळ होता, म्हणून पहिला मजला सर्वांत महाग आणि जिने चढत जावे तसा दर उतरत जाई, माळ्यावर नोकरचाकर. पुढे विजेचा पाळणा आला आणि हे कोष्टक उलटे झाले. आज सर्वांत वरच्या मजल्यावरच्या, गच्ची असलेल्या खोलीला लोक सर्वाधिक पैसे मोजतात. तिथे १८७० मध्ये त्यांच्या नोकराला झोपवले असते.

या यादीत एक गोष्ट नव्हती: पाहुण्याची स्वतःची चूल. युरोपियन हॉटेलचा सारा थाट त्याच्या मुदपाकखान्यावर उभा. पाहुण्याने हात धुऊन मेजावर यावे, मागे काय शिजते ते पाहू नये. हिंदू संस्थानिकाच्या बिऱ्हाडाचे गणित नेमके उलट. कोणी शिजवले, कोणत्या पाण्यात, कोणी हात लावला, हे आधी, चव नंतर. म्हणून जाणाऱ्या बहुतेक राजांना हॉटेलपेक्षा भाड्याचे घर बरे वाटे. पुढे १९०२ मध्ये जयपूरचे माधोसिंह लंडनला गेले तेव्हा त्यांनी या प्रश्नाचे टोकाचे उत्तर काढले: पुरुषभर उंचीच्या प्रचंड चांदीच्या घागरींत गंगाजल, खास भाड्याने घेतलेली आगबोट, आणि लंडनमध्ये हॉटेल नव्हे तर स्वतंत्र बंगला. वाटेतल्या शहरात दोन-चार दिवसांसाठी मात्र बंगला घेता येत नाही. तिथे हॉटेलच घ्यावे लागते. माझ्या मते प्रवाशाचा खरा कस लागतो तो अशा चार दिवसांच्या मुक्कामात. कारण तिथे जे तयार आहे त्यातूनच निवडायचे असते आणि ते दुसऱ्याच कोणाच्या गरजेप्रमाणे तयार केलेले असते.

त्यातही हॉटेलला सर्वांत नकोसा पाहुणा म्हणजे मरणारा. इटलीत ही भीती जुनी. १८२१ मध्ये रोममध्ये कवी कीट्स क्षयाने गेला तेव्हा त्याच्या खोलीतले सामान कायद्याप्रमाणे जाळले गेले. स्पेनच्या मायोर्का बेटावर आजारी शोपँ राहिला तर घरमालकाने त्याला बाहेर काढले आणि बिछान्याचे पैसे लावले. दक्षिणेच्या उन्हासाठी येणारे अर्धे लोक छातीचे रोगी असत, आणि ऊन विकणाऱ्या धंद्याला मरणही हिशेबात धरावे लागे. फक्त ते दिसू द्यायचे नाही.

३० नोव्हेंबरला सकाळी महाराज गेले, आणि या धंद्यात कोणी न पाहिलेली अडचण उभी राहिली. ख्रिस्ती प्रवाशासाठी गावात इंग्रजांचे दफनस्थान होते. हिंदूला अग्नी हवा होता. मृताला जाळणे हे त्या काळच्या कॅथलिक शहरात सवयीबाहेरचे, कायद्याबाहेरचे. वकिलात हाकेच्या अंतरावर असल्यामुळे परवानगीची धावपळ त्याच दिवशी होऊ शकली आणि नगरपालिकेने होकार दिला. एवढे झपाट्याने हे घडले ही गोष्ट मला फ्लॉरेन्सकरांच्या बाजूची मोठी वाटते. नकार देणे फार सोपे होते.

जागा ठरली ती शहराच्या पश्चिमेच्या मोठ्या उद्यानाच्या अगदी टोकाला, जिथे मुन्योने ही छोटी नदी आर्नोला मिळते. संगम. पंचगंगेच्या काठच्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगायला नको. उद्यानाचे नाव ‘काशिने’. मराठी कानाला त्यात काशी ऐकू येते. इटालियनमध्ये अर्थ आहे गाईंचे गोठे, कारण मेदिची घराण्याची दुभती जनावरे तिथे असत. नकाशा पुढे घेऊन बसले की आणखी एक गोष्ट दिसते. काशिने उजव्या काठावरच आहे. म्हणजे हॉटेलच्या दारातून निघून नदी डाव्या हाताला ठेवून सरळ जायचे, आर्नोवरचा एकही पूल ओलांडायचा नाही. आजाऱ्याला ऊन मिळावे म्हणून जो काठ घेतला गेला, तोच शेवटच्या वाटेलाही सोयीचा पडला.

दहन रात्री झाले. अस्थी गंगेसाठी सोबत घेतल्या गेल्या. तुस्कानीत याआधी उघड्यावर चिता पेटली होती ती १८२२ मध्ये, व्हिआरेज्जोच्या समुद्रकाठी, बुडून मेलेल्या शेलीची. तीही साथीच्या कायद्याची सक्ती म्हणून. कोल्हापूरच्या राजाचे दहन धर्म म्हणून झाले. पुढच्या काही वर्षांत हा विषय युरोपात वैद्य आणि शास्त्रज्ञांच्या चर्चेत आला. १८७६ मध्ये मिलानला बंदिस्त दाहगृहात पहिले दहन झाले आणि १८८५ मध्ये इंग्लंडात वोकिंगला. काशिनेतल्या एका रात्रीने हे घडवले असे मी म्हणणार नाही, तसे म्हणण्याचा मोह आपल्याकडे फार असतो. पण क्रम नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

१८७४ मध्ये संगमावर छत्री उभी राहिली. महाराजांचा अर्धपुतळा चार्ल्स फुलर या फ्लॉरेन्सस्थित इंग्रज शिल्पकाराचा, रंगवलेल्या संगमरवरातला. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँटचा. हे नाव कोल्हापूरकरांच्या रोजच्या रस्त्यावरचे आहे, भले ते त्यांना माहीत नसो: आपले टाऊन हॉल मँटचे, नवा राजवाडा मँटचा. भाऊसिंगजी रोडवरून जाताना टाऊन हॉलचे ते उंच शिखर ज्याच्या हातून उतरले, त्याच्याच हातची छत्री आर्नोकाठी आहे.

तर हॉटेल कुठले घ्यावे? ओन्यिस्सांती चौकात आज दोन पंचतारांकित हॉटेले समोरासमोर उभी आहेत. परवडत असेल तर खुशाल घ्या. नसेल तर त्याच काठावर साधे घ्या, पण खोली दक्षिणेची मागा. तो सल्ला दीडशे वर्षांत शिळा झालेला नाही. चौकातल्याच चर्चमध्ये बोत्तिचेल्लीचे थडगे आहे आणि ज्याच्या नावावरून अमेरिका ओळखली जाते त्या व्हेस्पुच्चीच्या घराण्याचे चित्रही. पाहायला अर्धा तास पुरतो. एवढे पैसे मोजून आलेल्याने उरलेली सकाळ उफीझीच्या रांगेत घालवावी की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. मी सांगतो की नदी डाव्या हाताला ठेवा आणि पश्चिमेला चालत राहा. तासाभराच्या आत उद्यान संपते. तिथे चार भाषांत लेख कोरलेली ती छत्री आहे, आणि तिच्या मागे आर्नो ओलांडणारा, १९७८ मध्ये पुरा झालेला, पोलादी दोरांचा मोटारींचा पूल. फ्लॉरेन्सचे लोक त्याला ‘इंदियानो’ म्हणतात.