स्फुरदशोषक गाळ आणि हवामान

मैलापाण्यात हवा खेळवून त्यातील गाळ जिवंत राखावा आणि त्या गाळातल्या जिवाणूंकडूनच पाण्याची शुद्धी करवून घ्यावी, ही रीत १९१४ साली मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट यांनी सिद्ध केली. आणि त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर हे १९१६ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले, तेव्हा त्या विद्येची परंपरा आपल्याकडेही सुरू झाली. त्याच संस्थेत श्रीनाथ, शास्त्री व पिल्लै यांनी १९५९ साली प्रसिद्ध केले की, हवा मिळालेला गाळ पाण्यातील स्फुरद फार त्वरेने शोषून घेतो. पुढे १९६५ साली अमेरिकेत लेव्हिन व शापिरो यांचे प्रयोग गाजले. तथापि या विद्येच्या इतिहासात बंगळूरच्या त्रिवर्गाचे नाव आधी यावे, हेच न्यायाचे होय.

शोषणाचे मर्म उलगडले ते दक्षिण आफ्रिकेत. प्रिटोरियाच्या डास्पूर्ट येथील मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात नत्र काढून टाकण्याचे प्रयोग करीत असता जेम्स बार्नार्ड यांच्या ध्यानात आले की, ज्या गाळाला आधी प्राणवायू आणि नायट्रेट या दोहोंवाचून राहावे लागते, तोच पुढे स्फुरद भरभरून घेतो. अशा निर्वात, म्हणजे प्राणवायू व नायट्रेट नसलेल्या, हौदातील पाणी तपासले तर स्फुरदाचे प्रमाण येणाऱ्या मैलापाण्याहूनही चढलेले आढळते, कारण जिवाणू आपला स्फुरदाचा साठा सोडून देतात आणि त्यातून मिळणाऱ्या शक्तीवर ॲसिटेटसारखे अन्न पोटात साठवतात. लगेच पुढच्या हौदात हवा मिळताच ते अन्न जाळून सोडलेला आणि नवा आलेला, असा दोन्ही प्रकारचा स्फुरद गिळंकृत करतात.

मग प्रश्न आला तापमानाचा, आणि कोणी म्हणे थंडीत ही क्रिया बिघडते, तर कोणी म्हणे उलट सुधारते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते; कारण थंडीत जिवाणूंची गती मंदावते खरी, परंतु नायट्रेट उत्पन्न करणारे जिवाणूही मंदावल्यामुळे परत फिरवलेल्या गाळाबरोबर निर्वात हौदात शिरणारे नायट्रेट घटते, आणि स्फुरदशोषक जिवाणूंच्या वाट्याचे अन्न खाणारे प्रतिस्पर्धी थंडीत मागे पडतात. हे प्रतिस्पर्धी स्फुरद न साठवता ग्लायकोजेनच्या बळावर तेच ॲसिटेट फस्त करतात. बँकॉकच्या संशोधकांनी २००३ साली दाखविले की २० अंशांना स्फुरदशोषकांचे प्राबल्य असलेल्या गाळात ३० अंशांच्या सुमारास या प्रतिस्पर्ध्यांची सरशी होते, आणि ३५ अंशांना दोघांनाही बाजूस सारून सामान्य जिवाणू माजतात.

मात्र उष्ण देशांत ही क्रिया टिकणार नाही, असा निकाल थंड देशांच्या पुस्तकांवरून देण्याची घाई किती अनाठायी होती, हे सिंगापूरने दाखवून दिले. तेथील मैलापाणी बारमाही २८ ते ३२ अंशांचे, तरीही तेथील केंद्रांत ही शोषणक्रिया चालू असल्याचे आढळले, आणि त्या गाळात स्फुरद साठवणारे जिवाणू नांदत असल्याचेही सिद्ध झाले.