स्टुग : हा रणगाडा नव्हे!

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्यांचा विषय निघाला की गाडी थेट टायगरवर जाते. हिस्टरी चॅनेलने आपल्या पिढीला लावलेली सवय, दुसरं काय! पण त्या प्रसिद्ध टायगर-१ ची एकूण संख्या भरते जेमतेम साडेतेराशे. आणि ज्याचं नाव फारसं कोणी घेत नाही, तो स्टुग-३ बनला दहा हजारांच्या आसपास. पूर्णपणे पट्ट्यांवर चालणारं दुसरं कुठलंही चिलखती लढाऊ वाहन जर्मनीने एवढ्या संख्येने काढलं नाही.

स्टुग हा 'श्टुर्मगेशुट्झ' या लांबलचक नावाचा शॉर्टफॉर्म. अर्थ, हल्ल्याची तोफ. दिसायला रणगाडाच, पण डोक्यावरचा फिरणारा टरेट गायब. तोफ पुढच्या बाजूला थेट सांगाड्यात बसवलेली.

याचं मूळ पहिल्या महायुद्धात आहे. पायदळ शत्रूचा खंदक ओलांडून पुढे जायचं आणि मशीनगनच्या एखाद्या ठाण्यापुढे अडकायचं. मदतीला तोफ हवी, पण ती घोड्यांनी ओढायची, आणि मधली सगळी जमीन गोळ्यांच्या खड्ड्यांनी चाळण झालेली. १९३५ मध्ये एरिक फॉन मानस्टाइनने यावर उपाय सुचवला : पायदळाच्या बरोबरीने चालणारी, चिलखत घातलेली तोफ. जून १९३६ मध्ये डेमलर-बेंझला काम मिळालं. नवं वाहन न बनवता त्यांनी पँझर-३ रणगाड्याचा सांगाडा उचलला आणि त्यावर ७५ मिमीची आखूड तोफ बसवली. (कोड रीयूज!) उंची दोन मीटरच्या आसपास, माणसं चार : कमांडर, चालक, गोळा भरणारा आणि गोलंदाज. हो, गोलंदाजच. मराठ्यांच्या तोफखान्यात हा शब्द तोफ डागणाऱ्यासाठीच होता, क्रिकेटवाले नंतर आले.

टरेट नसल्याचा तोटा उघड आहे. तोफ डावी-उजवीकडे साधारण दहा-दहा अंशच वळते. शत्रू बाजूने आला तर अख्खी गाडी वळवा. सुरुवातीच्या स्टुगवर जवळ आलेल्या सैनिकांना हटवायला मशीनगनही बसवलेली नव्हती. पण स्पेसिफिकेशनच्या हिशोबाने यात चूक काही नव्हती. पायदळ सोबत असणार, समोरचं ठाणं फोडायचं आणि पुढे सरकायचं. १९४० मध्ये फ्रान्समध्ये मोजकेच स्टुग उतरले आणि त्यांनी हे काम चोख केलं.

मग १९४१ आलं आणि रिक्वायरमेंटच बदलली.

रशियात जर्मनांची गाठ टी-३४ आणि केव्ही-१ शी पडली. पँझर-३ हा खरा रणगाड्यांशी लढणारा रणगाडा, पण त्याच्या तोफेचे गोळे यांच्यावर आपटून उडायला लागले. मोठी लांब ७५ मिमी तोफ बसवावी, तर पँझर-३ चा टरेट तिला पुरेना. स्टुगला टरेटच नव्हता, त्यामुळे तो प्रश्नच आला नाही! सप्टेंबर १९४१ च्या अखेरीस हिटलरने हुकूम काढला आणि १९४२ च्या वसंतात लांब तोफेचे स्टुग बाहेर पडू लागले. आखूड तोफेचा गोळा सेकंदाला ३८५ मीटरने सुटायचा, लांब तोफेचा चिलखतभेदी गोळा साडेसातशेच्या आसपास.

आता खरी गंमत. स्टुगमधून निघालेली आखूड तोफ त्याच १९४२ साली कुठे गेली? पँझर-३ च्या टरेटमध्ये! म्हणजे रणगाडे मारायला बनवलेला रणगाडा पायदळाला मदत करू लागला आणि पायदळाच्या मदतीची तोफ रणगाडे मारू लागली. १९४३ मध्ये पँझर-३ चं उत्पादन बंदच झालं, आणि त्या एका वर्षात तीन हजारांवर स्टुग बनले. पण पायदळाचं मूळ काम कोण करणार? त्यासाठी स्टुगवरच १०५ मिमीची हॉवित्झर चढवून वेगळं मॉडेल काढावं लागलं. ज्यांनी एखादा प्रोजेक्ट तीन वर्षं मेंटेन केलाय त्यांना हे सगळं फार ओळखीचं वाटेल.

त्यात ऑफिस पॉलिटिक्सही भरपूर. स्टुग तोफखान्याच्या ताब्यात होते, रणगाडा दलाच्या नाही. त्यांच्या सैनिकांचा गणवेशही काळा नव्हे, करडा. १९४३ मध्ये गुडेरियन रणगाडा दलाचा महानिरीक्षक झाला तेव्हा त्याला स्टुगही हवे होते. तोफखानावाल्यांनी हुकुमाला एक तळटीप जोडून त्याचा अधिकार फक्त 'जड' हल्ला-तोफांपुरता ठेवला. एका तळटिपेत हजारो गाड्या हातच्या गेल्या!

इथवर वाचून कुणाला जर्मन इंजिनिअरिंगचं भरतं आलं असेल तर थांबा. मला स्वतःला ही डिझाइनची गोष्ट फार आवडते, आणि म्हणूनच पुढचं लिहिणं भाग आहे. मानस्टाइनच्या ११ व्या सैन्याबरोबर क्रिमियात स्टुग लढले. तिथेच नोव्हेंबर १९४१ मध्ये त्याच्या सहीने निघालेल्या आदेशात ज्यूंविरुद्ध उघड विखार आहे. १९४९ मध्ये हँबुर्गला ब्रिटिश लष्करी न्यायालयाने त्याला युद्धगुन्ह्यांसाठी १८ वर्षांची शिक्षा दिली, आणि १९५३ मध्ये तो सुटलाही. शिवाय जर्मन शस्त्रास्त्र कारखान्यांचे १९४३ चे उत्पादनाचे आकडे वाचताना लक्षात ठेवायचं, की तिथे वेठीला धरून आणलेले परदेशी मजूर मोठ्या संख्येने राबत होते. स्वस्त आणि सुटसुटीत डिझाइनमुळे हे युद्ध लांबायलाच मदत झाली.

फिनलंडने १९४३-४४ मध्ये ५९ स्टुग विकत घेतले आणि लाडाने त्यांना 'श्टुर्मी' म्हणू लागले. चिलखत कमी पडतंय म्हणून त्यांनी बाजूला चक्क लाकडाचे ओंडके बांधले! १९४४ च्या उन्हाळ्यात आठ श्टुर्मी गमावून ८७ सोव्हिएत रणगाडे मारल्याचा त्यांचा दावा आहे. युद्धातले असे दावे थोडे कापूनच वाचावेत, पण तरीही...

युद्ध संपल्यावर सीरियाने काही जुने स्टुग मिळवले. १९६७ मध्ये इस्रायलशी युद्ध झालं तेव्हा गोलान टेकड्यांवर ते अजून उभे होते, बर्लिन पडून बावीस वर्षं झाली तरी.