सदऱ्याचा खिसा कुणाचा?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एका विद्यार्थ्याच्या घरी कफ परेडच्या मच्छीमार नगरात जाणे झाले. शुक्रवार होता. जुम्म्याची नमाज आटोपून थेट गेलो, म्हणून अंगात पांढरा झब्बा-पायजमा होता. मुलाचे आजोबा ओट्यावर जाळे दुरुस्त करीत बसले होते. कमरेला चौकड्यांचा रुमाल, अंगात बंडी. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिले. अशा नजरेची आता सवय झाली आहे, म्हणून मी गप्प उभा राहिलो. मग ते म्हणाले, "मास्तर, झब्बा काय छान बसलाय! कुणी शिवला?"

मी म्हणालो, "आमच्या अब्बांनी. दर्जी होते. हा त्यांच्या हातचा शेवटचा."

त्यांनी उठून खांद्यावरची शिवण बोटाने चाचपली. "खांदा बसला की सगळं बसतं," म्हणाले. अब्बाही अगदी हेच सांगत. लांबी कमी करता येते, कंबर आत घेता येते. पण खांदा चुकला तर सगळा कपडा उसवावा लागतो. शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवी. पुढे गेली तर माणूस मागून आणलेल्या कपड्यातला दिसतो, मागे राहिली तर हात वर करताना बगलेत फाटते.

त्या वस्तीत माझ्या झब्ब्याची शिवण पाहणारा कुणी भेटेल असे मला वाटले नव्हते. त्याचे कारण इतिहासात आहे, आणि तो इतिहास फार जुना नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा दहशतवादी रबरी होडीतून याच किनाऱ्यावर उतरले. वस्तीतल्या लोकांनी त्यांना पाहिले, हटकलेही. पण त्यांच्या अंगावर संशय घ्यावा असे काही नव्हते. शहरातल्या कुठल्याही कॉलेजच्या पोरांसारख्या पँटी, टी-शर्ट आणि पाठीवर जड पिशव्या. पुढे छत्रपती शिवाजी टर्मिनसमधला कसाबचा जो फोटो जगभर गेला, त्यात त्याच्या मनगटावर धागा दिसतो. ओळख पटू नये म्हणून केलेला तो वेश होता. त्या हल्ल्यात १६६ माणसे गेली. त्यांत मुसलमानही होते. मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना मुंबईच्या मुस्लिम जामा मशीद ट्रस्टने आपल्या कब्रस्तानात जागा द्यायला साफ नकार दिला.

हल्लेखोर पँट-टीशर्टात आले होते. त्यानंतर फाटकांवर झडती मात्र माझ्या झब्ब्याची वाढली. एका कार्यालयात मी गुरुवारी शर्ट-पँटमध्ये जाई तेव्हा पहारेकरी मान हलवून सोडत असे. शुक्रवारी झब्ब्यात गेलो की तोच पहारेकरी पिशवी उघडायला लावी. माणूस एकच, पिशवी एकच, पिशवीतल्या उत्तरपत्रिकाही त्याच. मला त्याचा राग नाही. त्याला कुणीतरी शिकवले होते की कपड्यावरून माणूस कळतो. प्रश्न असा आहे की खरेच कळतो का?

एकेकाळी कळत असे. मुघल काळात दरबारी पुरुष जामा घालीत. त्याला बटणे नसत, बंद असत. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी भारतीय वेशभूषेवर १९५१ मध्ये ग्रंथ लिहिला. अशा अभ्यासकांनी जुनी चित्रे आणि प्रवासवर्णने तपासून दाखवले आहे की मुसलमान जाम्याचे बंद उजव्या बाजूला बांधीत आणि हिंदू डाव्या बाजूला. बाकी कापड तेच, घेर तोच, शिवणारा हातही बहुधा तोच. धर्माची खूण फक्त काखेखालच्या एका गाठीत. आपल्याकडची बाराबंदी त्याच कुळातली. मग बटण आले आणि ते छातीच्या मध्यभागी बसले. डावे-उजवे संपले. इतिहासाच्या पुस्तकात या घटनेला तारीख नाही, पण मला ती मोठी वाटते.

आता त्या बटणाच्या शर्टाकडेच पाहा. मी वर्गात मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवतो, त्यामुळे शब्दांचे मूळ शोधण्याची खोड लागली आहे. सुई, दोरा आणि कात्री हे शब्द संस्कृत-प्राकृतातून आलेले. 'बाही'त संस्कृत बाहू आहे. 'अस्तर' फारसी. 'खिसा' अरबी 'कीसा'वरून, म्हणजे पिशवी. ज्या भोकात बटण जाते ते 'काज' पोर्तुगीज 'काझा'वरून, म्हणजे घर. 'इस्त्री'ही पोर्तुगीजांचीच देणगी मानतात. 'कॉलर' इंग्रजी. आणि हे सगळे ज्याला जोडलेले असते तो 'सदरा' अरबी 'सद्र'वरून. सद्र म्हणजे छाती. खाली घालायची 'विजार' म्हणजे अरबी 'इजार'. 'पायजमा' फारसी: पाय आणि जामा. ज्याला आपण अस्सल मराठी लग्नाचा पोशाख समजतो तो 'झब्बा' अरबी 'जुब्बा'. 'पोशाख' हा शब्दही फारसी. कवी माधव जूलियन म्हणजे माधवराव पटवर्धन यांनी १९२५ मध्ये 'फारसी-मराठी कोश' सिद्ध केला. मराठीच्या घरात फारसीचे किती सामान आहे, ते त्या कोशाने दाखवून दिले.

त्या ओट्यावरच्या आजोबांच्या कमरेचा रुमालही यातून सुटत नाही. कोळी पुरुषाची सगळ्यांत ठळक ओळख म्हणजे तो रुमाल: कमरेला गुंडाळलेला, पुढे त्रिकोणी टोक सोडलेला. कुलाबा हे नावही ज्यांच्यावरून आले असे म्हणतात, त्या या शहराच्या मूळ रहिवाशांचे हे वस्त्र. आणि त्याचे नाव फारसी: 'रू' म्हणजे चेहरा, 'माल' म्हणजे पुसणारा. चेहरा पुसायच्या कापडाचे नाव कमरेच्या कापडाला मिळाले. म्हणून कोळी पारशी झाले नाहीत, की मुसलमान झाले नाहीत. ते वस्त्र टिकले, कारण कामाला योग्य होते. होडी ओढताना पाण्यात-चिखलात उतरावे लागते. लांब धोतर किंवा विजार भिजून पायाला लोळत राहते. रुमाल गुडघ्याच्या वर राहतो, वाऱ्याला वाळतो.

कपडा अंगाला कसा बसावा हे बहुतेक वेळा काम ठरवते, धर्म नंतर येतो. अब्बांचा झब्बा याचा पुरावा आहे. त्याचे जवळजवळ सगळे तुकडे सरळ असतात: पुढा, पाठ, दोन बाह्या, बाजूच्या कळ्या. कळ्या अशा कापायच्या की एका लांबट तुकड्यातून दोन तिरप्या निघाव्यात आणि चिंधी वाया जाऊ नये, कारण कापड महाग होते. बगलेत एक छोटा चौकोनी तुकडा बसवायचा. तो नसेल तर सजद्यात जाताना कापड ताणते. वल्हे मारतानाही तसेच ताणते, आणि फळ्यावर वरच्या ओळीत लिहितानाही.

डोक्यावरची गोष्ट जरा वेगळी आहे. तिथे राजकारण बसते. तुर्की टोपीचेच घ्या. ओटोमान सुलतान दुसऱ्या महमूदने १८२९ मध्ये ती सरकारी नोकरांना सक्तीची केली, ती पगड्यांवरून दिसणारे जातीधर्माचे आणि दर्जाचे भेद मिटावेत म्हणून. सर सय्यद अहमद खान यांनी ती अलीगढला आणली आणि ती सुशिक्षित मुसलमानाची खूण झाली. खिलाफत चळवळीच्या दिवसांत, १९१९ नंतर, ती मुंबईच्या सभांत दिसू लागली. त्याच सभांत शेजारी होती नवी पांढरी गांधी टोपी. गंमत म्हणजे १९२५ मध्ये खुद्द तुर्कस्तानात अतातुर्कने तुर्की टोपीवर बंदी घातली. भेद मिटवायला आलेली टोपी भेदाची खूण झाली आणि शेवटी आपल्याच घरी गुन्हा ठरली.

कपडा खूण म्हणून लादला गेला की काय होते, हे या महाराष्ट्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांइतके स्पष्ट कुणी सांगितले नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना सांगितले की तुमच्या लुगड्यावरून आणि दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते, तशी राहणी सोडा. स्वतः ते नेटका सूट घालीत. त्यांच्या अंगावरचा तो कोट म्हणजे विलायतेचे वेड नव्हते. जन्माने दिलेली खूण अंगावरून उतरवून ठेवण्याचा तो हक्क होता. मला वाटते, त्या हक्काला दुसरी बाजूही आहे: ज्याला आपली खूण अंगावर ठेवायची आहे, त्याला ती न घाबरता ठेवता आली पाहिजे.

शिवलेल्या कपड्याच्या या सगळ्या भानगडीतून आपल्या दोन्ही परंपरांनी एक वाट काढून ठेवली आहे, ती सहसा लक्षात येत नाही. हजला जाणारा पुरुष इहराम बांधतो: दोन पांढरी, न शिवलेली कापडे. कफनही न शिवलेले. इकडे सोवळ्यात पूजेला बसणारा पुरुषही न शिवलेले वस्त्रच नेसतो. ईश्वरासमोर जाताना दोघेही शिंप्याला बाहेर ठेवतात. सुई, काज, खिसा हे सगळे माणसांनी माणसांसाठी केलेले व्यवहार. खिसा तर पैशासाठीच; कफनाला तो नसतो.

आता कपडे धुण्याबद्दल, कारण धुण्याच्या इतिहासाशिवाय मुंबईच्या पोशाखाचा इतिहास अपुरा आहे. महालक्ष्मीचा धोबीघाट १८९० च्या सुमारास बांधला गेला. तिथल्या दगडी हौदांत शतकाहून अधिक काळ या शहराचे कपडे एकत्र आपटले गेले. साहेबाचा कोट, इस्पितळाची चादर, लग्नातली शेरवानी, सगळे एका पाण्यात. हरवू नये म्हणून धोबी कॉलरच्या आत किंवा काठाला एक बारीक खूण करतो. ती खूण मालकाची जात सांगत नाही, फक्त पत्ता सांगते. मला ती खूण फार आवडते. माणसाच्या कपड्यावर खूण असावी तर एवढ्याच कामाची असावी.

मी निघताना आजोबांनी दोरीवरचा दुसरा रुमाल काढला. समुद्रावरून आल्यावर कपडे आधी गोड्या पाण्यातून काढावे लागतात, असे ते सांगत होते. कापडात मीठ राहिले तर ते हवेतली ओल ओढत राहते आणि कपडा कितीही वाळवला तरी चिकट, दमट राहतो. माशाचे रक्त लागले तर थंड पाणी. गरम पाण्याने डाग धरून बसतो. वास राहिला तर लिंबू. अब्बाही सुती कापड शिवायला घेण्याआधी एक रात्र भिजवून, सावलीत वाळवून मगच कापत. नाहीतर पहिल्या धुण्यात कापड आटते आणि गिऱ्हाईक परत येते. दोघांनी एकमेकांना कधी पाहिले नाही, पण दोघांनाही कापडाची प्रकृती ठाऊक होती.

यंदा आठवीच्या वर्गाला मी एक गृहपाठ दिला: घरातल्या एका पुरुषाचा एक कपडा घ्या, त्याच्या प्रत्येक भागाचे नाव लिहा आणि ते नाव कुठून आले ते शोधा. मच्छीमार नगरातल्या त्या मुलाने आजोबांचा रुमाल निवडला. वहीत शेवटी त्याने लिहिले होते, "रुमालाला शिवण नाही, म्हणून भाग नाहीत. नाव एकच आहे, ते फारसी आहे. पण बांधायची पद्धत आमची आहे."

मी त्याला दहापैकी दहा गुण दिले. आणि पुढच्या शुक्रवारी अब्बांचा झब्बा नीट इस्त्री करून, पुन्हा तोच अंगात घालून शाळेत गेलो.